फ्रॉन्सेस टॅव्हर्न, न्यू यॉर्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू यॉर्कला येणाऱ्या पाहुण्यांना मॅनहॅटनचं दक्षिण टोक पायी फिरवून दाखवायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात पडलं आहे, आणि मी ते आवडीने करतो. वॉल स्ट्रीट, बैलाचा पुतळा, पाण्यापलीकडची स्वातंत्र्यदेवी हे सगळं होतंच. पण घरी परतल्यावर मंडळींचे निरोप येतात ते पर्ल स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या त्या बुटक्या विटांच्या इमारतीबद्दल. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही फ्रॉन्सेस टॅव्हर्न नेमकी कुठे आहे आणि एवढी नावाजलेली कशामुळे?

पत्ता ५४, पर्ल स्ट्रीट. पर्ल स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीट मिळतात तो कोपरा. चहूबाजूंनी काचेचे टॉवर आणि मधे ही साडेतीन मजल्यांची विटांची इमारत, त्यामुळे चुकायची सोय नाही. खाली जेवणघर आणि बार, वर संग्रहालय. नाव झालं ते मुख्यतः एका दिवसामुळे: इंग्रजांविरुद्धचं अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर, ४ डिसेंबर १७८३ रोजी, सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप इथे घेतला (प्र. ७). माझं मत विचाराल तर या इमारतीतली सगळ्यात मोठी गोष्ट ती नव्हेच. ती प्र. ८ मध्ये आहे.

२. टॅव्हर्न म्हणजे आपला गुत्ताच ना?

नाही, आणि हा गैरसमज आधी काढायला हवा. गुत्ता म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो अंधारा खोपटा आणि तोंड लपवून आत शिरणारा माणूस. अठराव्या शतकातल्या न्यू यॉर्कमधली बरी टॅव्हर्न म्हणजे खाणावळ, उतारूंची सोय, सभागृह, लिलावाची जागा, वर्तमानपत्र वाचायचा कट्टा आणि दारूचं दुकान हे सगळं एका छपराखाली. चालवायला परवाना लागायचा. शहरात मोठ्या खोल्या फारशा नव्हत्या. त्यामुळे व्यापाऱ्यांची बैठक, नाचाचा कार्यक्रम, फ्रीमेसनांची सभा, एखाद्याचं भाषण, जे काही चार माणसांहून जास्त जमवून करायचं ते टॅव्हर्नच्या ‘लाँग रूम’मध्ये. मराठीत एक शब्द मला आजवर सापडलेला नाही. ‘मद्यालय’ पुस्तकी वाटतं, ‘खाणावळ’ म्हटलं की दारू सुटते, ‘धर्मशाळा’ म्हटलं की दारू आणि पैसे दोन्ही सुटतात. म्हणून खाली सगळीकडे टॅव्हर्नच लिहिलं आहे.

३. इमारत कोणी आणि कधी बांधली?

१७१९ साली, एत्येन द लान्सी या व्यापाऱ्याने, राहण्यासाठी. हा फ्रेंच ह्यूगनॉट, म्हणजे प्रॉटेस्टंट. कॅथलिक राजाच्या जाचाला कंटाळून आलेला. इथे आल्यावर त्याचा स्टीफन डीलान्सी झाला. लग्न झालं अ‍ॅन व्हॅन कोर्टलांटशी, आणि ही जमीन आली ती सासरेबुवांकडून. सासरेबुवा स्टेफानस व्हॅन कोर्टलांट, न्यू यॉर्कचे माजी महापौर. थोडक्यात, डच जमीन, फ्रेंच जावई, इंग्रजी राज्य.

जमीन म्हणतो खरा, पण त्यातही मेख आहे. डच लोक आले तेव्हा पर्ल स्ट्रीट हाच किनारा होता. शिंपल्यांवरून त्याला ते नाव पडलं. शेजारच्या ब्रॉड स्ट्रीटच्या जागी कालवा होता, तो १६७६ मध्ये बुजवला. टॅव्हर्नची जागा ही पाण्यात भर घालून केलेली, मॅनहॅटनमधल्या अगदी पहिल्या भरावांपैकी. मुंबईकर पाहुण्यांना हे सांगायला मला भारी आवडतं, कारण त्यांना अजिबात नवल वाटत नाही.

काळाचा अंदाज यावा म्हणून: १७१९ म्हणजे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले ते वर्ष.

४. मग घराची टॅव्हर्न कशी झाली? आणि फ्रॉन्सेस कोण?

डीलान्सीच्या वारसांनी १७६२ मध्ये घर सॅम्युएल फ्रॉन्सेसला विकलं. हा माणूस वेस्ट इंडीजकडून आला असं सांगतात. १७५५ मध्ये न्यू यॉर्कच्या दप्तरात त्याची नोंद ‘इनहोल्डर’, म्हणजे खाणावळवाला, म्हणून सापडते. त्याने इथे टॅव्हर्न काढली आणि नाव ठेवलं ‘क्वीन्स हेड’. राणी म्हणजे तिसऱ्या जॉर्जची नवी नवरी शार्लट. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा पाटीवर तिचं चित्र लावणं हा चोख धंदा होता. पुढे याच छपराखाली तिच्या नवऱ्याविरुद्ध काय काय शिजलं ते प्र. ५ मध्ये.

फ्रॉन्सेस एकाच जागी चिकटून बसणारा नव्हता. गावाबाहेर त्याने ‘व्हॉक्सहॉल’ नावाची बाग चालवली, तिथे मेणाचे पुतळे मांडले. मधल्या काळात ही टॅव्हर्न दुसऱ्यांना चालवायला दिली. १७८९ मध्ये वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा त्याच्या घरचा कारभारी म्हणून फ्रॉन्सेसलाच नेमलं. राजधानी फिलाडेल्फियाला हलली तसा तोही तिकडे गेला, आणि १७९५ मध्ये तिथेच वारला.

५. क्रांतीचा कट इथेच शिजला, हे खरं का?

कट एका जागी शिजत नसतो. गावातल्या डझनभर टॅव्हर्नमध्ये थोडा थोडा शिजला, त्यातली ही एक.

ठामपणे सांगता येईल अशी पहिली मोठी बैठक क्रांतिकारकांची नव्हे, व्यापाऱ्यांची आहे. ५ एप्रिल १७६८ रोजी वीस व्यापारी इथे जमले आणि न्यू यॉर्क चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. तेव्हा टॅव्हर्न बोल्टन आणि सिगेल ही जोडगोळी चालवत होती. म्हणून जुन्या कागदांत त्यांचं नाव येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं ही जागाच वेगळी.

दुसरी गोष्ट चहाची. बॉस्टनच्या चहाची कथा (इंग्रजांच्या करावर चिडून लोकांनी १७७३ मध्ये जहाजांवरचा चहा समुद्रात ओतला ती) सगळ्यांना पाठ असते, न्यू यॉर्कच्या चहाची कोणालाच नाही. एप्रिल १७७४ मध्ये ‘लंडन’ नावाचं जहाज बंदरात आलं. कप्तान चेंबर्स आधी म्हणाला, चहा नाही. मग इथल्या टॅव्हर्नमध्ये त्याला समितीपुढे उभं केलं तेव्हा कबूल झाला: आहे, अठरा पेट्या, पण त्या माझ्या स्वतःच्या. लोकांनी त्या पाण्यात ओतल्या. तारीख २२ एप्रिल. बॉस्टनला ३४२ पेट्या गेल्या होत्या, त्यापुढे अठरा म्हणजे किरकोळ. पण कप्तानाने खिसा भरायला चोरून आणलेल्या पेट्या सापडल्या, ही गोष्ट मला तरी जास्त माणसांतली वाटते.

६. छपरावर तोफगोळा पडला होता म्हणतात. दंतकथा की काय?

दंतकथा नाही. २३ ऑगस्ट १७७५ च्या रात्री बंदरकाठच्या ‘बॅटरी’ या मोर्च्यावरच्या सरकारी तोफा पळवायला क्रांतिकारक गेले होते. त्यांच्यात किंग्ज कॉलेजचा एक विद्यार्थी होता, अलेक्झांडर हॅमिल्टन. बंदरात उभ्या असलेल्या ‘एशिया’ या ब्रिटिश युद्धनौकेने मारा केला आणि एक गोळा या टॅव्हर्नच्या छपरातून आत आला. त्या काळच्या एका कवीने त्यावर विनोदी कडवंसुद्धा रचलं. ते भोक मात्र शोधू नका. तेव्हाचं छप्परच आता नाही (प्र. ११).

७. वॉशिंग्टनच्या निरोपाच्या दिवशी प्रत्यक्षात काय झालं?

आधी थोडा संदर्भ. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसने हत्यार खाली ठेवलं. (हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला, आणि टिपूवरच्या मोहिमेत मराठे त्याच्या बाजूने होते.) पण न्यू यॉर्क इंग्रजांच्याच ताब्यात राहिलं. शेवटची फौज जहाजांवर चढली ती २५ नोव्हेंबर १७८३ ला. त्या संध्याकाळी गव्हर्नर जॉर्ज क्लिंटनने वॉशिंग्टनला इथेच जेवण दिलं. तेरा संस्थानांचे तेरा पेले उचलले गेले.

नऊ दिवसांनी, ४ डिसेंबरला दुपारी बाराच्या सुमारास, वॉशिंग्टन लाँग रूममध्ये आला. तोवर पुष्कळ अधिकारी घरी गेले होते, त्यामुळे खोलीत होते ते थोडेच. कर्नल बेंजामिन टॉलमॅज त्यांच्यात होता, आणि आपल्याला जे माहीत आहे ते प्रामुख्याने त्याच्या आठवणींतून. वॉशिंग्टनने पेला भरला, प्रेमाने आणि कृतज्ञतेने तुमचा निरोप घेतो अशा अर्थाचे चार शब्द बोलला, आणि म्हणाला, मला प्रत्येकाजवळ येता येणार नाही, तुम्ही एकेक जण येऊन माझा हात हातात घ्याल तर उपकार होतील. सर्वांत जवळ हेन्री नॉक्स उभा होता. पुस्तकांच्या दुकानातून उठून तोफखान्याचा प्रमुख झालेला, देहाने आडवा-तिडवा माणूस. तो पुढे झाला. वॉशिंग्टनने हात धरला आणि मग दोघांनी एकमेकांना मिठी मारली, डोळ्यांत पाणी. त्यानंतर एकेक करत सगळे. कोणी काही बोललं नाही. वॉशिंग्टन बाहेर पडला, व्हाइटहॉलच्या धक्क्यापर्यंत चालत गेला आणि होडीत बसून पलीकडे पॉलस हुकला, म्हणजे आजच्या जर्सी सिटीला, निघून गेला. २३ डिसेंबरला अ‍ॅनापोलिसला काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, त्याने सेनापतिपद परत केलं.

यात एक गोम आहे, ती सांगायलाच हवी. टॉलमॅजने हे लिहिलं १८३० च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी. प्रसंग घडला यात शंका नाही. शब्द मात्र म्हाताऱ्या सैनिकाच्या आठवणीतले आहेत.

८. इंग्रजांच्या ताब्यात शहर असताना टॅव्हर्नचं काय झालं?

टॅव्हर्न चालूच होती, सैनिकांना जेवण लागतंच. पण १७८३ च्या उन्हाळ्यात तिथे जे झालं ते जगातल्या फार कमी खाणावळींच्या वाट्याला आलं असेल.

लढाईच्या काळात इंग्रजांनी जाहीर केलं होतं: बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूला येतील ते मोकळे. हजारो आले. तह ठरला तेव्हा त्यात कलम होतं की इंग्रजांनी जाताना अमेरिकनांची ‘मालमत्ता’ नेऊ नये, आणि त्या मालमत्तेत गुलाम धरले होते. ब्रिटिश सेनापती गाय कार्लटनने ठाम नकार दिला. तहाच्या आधीच ही माणसं आमच्या शब्दावर मोकळी झाली आहेत, आता त्यांना परत देणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं, असं त्याचं म्हणणं.

मग ठरलं की ज्या काळ्या माणसांवर कोणी हक्क सांगेल त्यांची चौकशी करायची. मे ते नोव्हेंबर, दर बुधवारी, फ्रॉन्सेस टॅव्हर्नमध्ये. ब्रिटिश आणि अमेरिकन दोघांचे अधिकारी बसायचे. समोर उभा राहून माणसाने सांगायचं: मी अमुक सालापासून इकडे आहे, अमक्याच्या घोषणेवरून आलो. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कधी कधी जुना मालक. निकाल बाजूने लागला तर जहाज, विरुद्ध गेला तर परत. निघणाऱ्यांना ब्रिगेडियर जनरल सॅम्युएल बर्चच्या सहीचा दाखला मिळायचा. जाणाऱ्यांची एक नोंदवही केली गेली, ‘बुक ऑफ नीग्रोज’. सुमारे तीन हजार नावं, वय, अंगखूण, आधीचा मालक कोण. बहुतेक जण कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेले.

त्या वहीत एक नाव आहे हॅरी वॉशिंग्टन. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या मळ्यावरून पळालेला गुलाम. तो जुलै १७८३ मध्ये न्यू यॉर्कहून जहाजावर चढला, पुढे नोव्हा स्कोशियाहून आफ्रिकेत सिएरा लिओनला गेला. तो न्यू यॉर्कहून निघून पाच महिने झाले नाहीत तोवर त्याचा जुना मालक या टॅव्हर्नमध्ये पेला हातात घेऊन उभा होता. मी माणसांना वर नेतो तेव्हा आधी हे सांगतो, निरोपाची गोष्ट नंतर.

९. इथे अमेरिकेची सरकारी कचेरी होती का?

होती. १७८५ मध्ये काँग्रेस न्यू यॉर्कला आली, तिच्या खात्यांना जागा हवी होती. परराष्ट्र खातं, युद्ध खातं आणि खजिन्याचं मंडळ इथे भाड्याने बसलं, १७८८ पर्यंत. परराष्ट्र खातं जॉन जेकडे होतं आणि युद्ध खातं कोणाकडे, तर हेन्री नॉक्सकडे. ज्या इमारतीत तो रडला होता तिथेच दोन वर्षांनी टेबल मांडून बसला.

हे सगळं राज्यघटनेच्या आधीचं. हॅमिल्टनचं अर्थखातं, जेफरसनचं परराष्ट्र खातं ही १७८९ नंतरची गोष्ट, आणि लोक ती सर्रास इथे आणून चिकटवतात.

याच सुमाराला, एप्रिल १७८५ मध्ये, फ्रॉन्सेसने इमारत ब्रुकलिनच्या एका खाटकाला विकली. जॉर्ज पॉवर्स त्याचं नाव. किंमत १,९५० पौंड.

१०. हॅमिल्टन आणि बर यांनी द्वंद्वाआधी इथे एकत्र जेवण केलं, हे खरं का?

हो. ४ जुलै १८०४, स्वातंत्र्यदिन. ‘सोसायटी ऑफ द सिनसिनाटी’ या जुन्या अधिकाऱ्यांच्या मंडळाची मेजवानी. हॅमिल्टन आणि तेव्हाचा उपराष्ट्राध्यक्ष आरन बर, दोघे हजर होते. ११ जुलैला वीहॉकनला द्वंद्व झालं, बरच्या गोळीने हॅमिल्टन जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. मेजवानीच्या वेळी आव्हान दिलं-घेतलं जाऊन चुकलं होतं. टेबलावरच्या बाकीच्यांना त्याची कल्पना नव्हती.

११. आज दिसते ती इमारत खरी आहे की नंतर बांधलेली?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर मी स्वतः बरीच वर्षं चुकीचं देत होतो. ‘हीच ती खोली’ असं छाती फुगवून सांगायचो. एकदा सोबत आलेल्या एका निवृत्त वास्तुविशारद बाईंनी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, भिंतीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘ही १९०० नंतरची आहे हो.’ मी घरी जाऊन वाचायला बसलो.

झालं असं. एकोणिसाव्या शतकात इमारतीला १८३२, १८३७ आणि १८५२ अशा तीनदा मोठ्या आगी लागल्या. प्रत्येक वेळी दुरुस्तीच्या नावाखाली बदल झाले, वर मजले चढले. शतक संपताना ती पाच मजल्यांची, वर सपाट, तळाला दुकानासारख्या मोठ्या काचा, अशी कोणत्याही गल्लीत शोभेल अशी चाळवजा इमारत होती. पाडायच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा ओरड झाली. १९०४ मध्ये ‘सन्स ऑफ द रिव्होल्यूशन’ या संस्थेच्या न्यू यॉर्क शाखेने ती विकत घेतली. पैसे आले ते फ्रेडरिक टॉलमॅज यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या देणगीतून. हे त्याच टॉलमॅजचे नातू, ज्याच्या आठवणींवर प्र. ७ उभा आहे.

काम विल्यम मर्सेरो या वास्तुविशारदाकडे गेलं. अडचण अशी की १७१९ ची, किंवा फ्रॉन्सेसच्या काळची, इमारत कशी दिसत होती याचं एकही चित्र नव्हतं. मग त्याने वरचे मजले उतरवले, भिंती खरवडल्या. शेजारच्या भिंतीवर जुन्या छपराच्या उताराची रेघ उमटलेली सापडली, तिच्यावरून चारी बाजूंना उतरतं छप्पर घेतलं. जिथे पुरावा नव्हता तिथे त्या काळच्या दुसऱ्या घरांवरून अंदाज बांधला. ४ डिसेंबर १९०७ ला, म्हणजे निरोपाच्या वाढदिवशीच, इमारत उघडली.

तेव्हा उत्तर काय? जुन्या भिंतींचा काही भाग खरा आहे. जागा आणि कोपरा खरा. छप्पर एका रेघेवरून काढलेला तर्क, पण चांगला तर्क. वरचे झरोके, दारावरचा थाट, लाँग रूमची सजावट हे सगळं मर्सेरोचं. जाणकार लोक याला ‘जीर्णोद्धार’ न म्हणता ‘कल्पनेने केलेली पुनर्बांधणी’ म्हणतात, आणि मला ते पटतं. मी मात्र त्याला खोटं म्हणणार नाही. गावातल्या एखाद्या देवळाचा गाभारा बाराव्या शतकातला, सभामंडप पेशवाईतला आणि कळस गेल्या वर्षीच्या वर्गणीतला असतो. देऊळ जुनंच असतं ना? फक्त कळसाकडे बोट दाखवून ‘बारावं शतक’ म्हणू नये, एवढंच.

१२. ही मॅनहॅटनमधली सर्वांत जुनी इमारत आहे का? आणि देशातली सर्वांत जुनी टॅव्हर्न?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्र. ११ वर अवलंबून आहे. १७१९ धरलं तर हो, ती मॉरिस-जूमेल वाड्याच्या (१७६५) आणि सेंट पॉल्स चॅपलच्या (१७६६) आधीची. १९०७ धरलं तर नंबर खूप मागे जातो. म्हणून काही जण मॉरिस-जूमेलला मॅनहॅटनमधलं सर्वांत जुनं घर म्हणतात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. अख्खं न्यू यॉर्क शहर धरलं तर प्रश्नच मिटला: ब्रुकलिनमधलं वायकॉफ घर सतराव्या शतकाच्या मध्यातलं आहे.

देशातली सर्वांत जुनी टॅव्हर्न, हा मान ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टची ‘व्हाइट हॉर्स’ सांगते. ती १६७३ पासूनची.

१३. फ्रॉन्सेस कृष्णवर्णीय होता का?

त्याला ‘ब्लॅक सॅम’ म्हणत, त्यावरून ही चर्चा शंभरहून अधिक वर्षं चालली आहे. कागद पाहिले तर १७९० च्या जनगणनेत तो गोरा म्हणून नोंदला आहे, आणि त्याच्याकडे गुलाम होते. त्या काळी ‘ब्लॅक’ हे टोपणनाव काळ्या केसांच्या, सावळ्या गोऱ्यांनाही सहज लागायचं. दुसऱ्या बाजूला, वेस्ट इंडीजशी जोडलेलं मूळ आणि कृष्णवर्णीय समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आठवण आहे. नोंदींचं पारडं मला जड वाटतं.

वर्षानुवर्षं पुस्तकांत छापलेलं, पांढऱ्या टोपातल्या माणसाचं ते प्रसिद्ध चित्र मात्र वादातून काढूनच टाका. एका जर्मन इतिहासकाराला त्याच माणसाचं चित्र ड्रेस्डेनला सापडलं. तो प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या वर्तुळातला कोणी निघाला. फ्रॉन्सेस नव्हेच.

१४. फ्रॉन्सेसच्या मुलीने वॉशिंग्टनला विषप्रयोगातून वाचवलं, ही गोष्ट?

गोष्ट अशी: मुलगी फीबी, वॉशिंग्टनच्या ताटातले विषारी मटार, ऐन वेळी दिलेला इशारा, खिडकीतून फेकलेलं ताट आणि ते खाऊन मेलेल्या कोंबड्या. शाळेतल्या मुलांना फार आवडते. फ्रॉन्सेसला मुली होत्या, पण नोंदींत फीबी नावाची एकही नाही. वॉशिंग्टनच्या अंगरक्षकांपैकी थॉमस हिकीला २८ जून १७७६ ला फाशी दिलं हे खरं. पण ते फितुरी आणि बंडखोरीसाठी, आणि त्याच्या खटल्यात मटार कुठेच नाहीत. एक धागा मात्र उरतो: १७८५ मध्ये काँग्रेसकडे केलेल्या अर्जात फ्रॉन्सेसने स्वतः म्हटलं आहे की वॉशिंग्टनविरुद्धचा कट उघडकीला आणण्यात आपला हात होता. मटार आणि कोंबड्या त्यावर नंतर चढलेला मसाला.

१५. इथे बॉम्बस्फोट झाला होता का?

२४ जानेवारी १९७५, शुक्रवार, दुपारच्या जेवणाची वेळ. चार माणसं मेली, पन्नासहून अधिक जखमी झाली. पोर्तो रिकोच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या ‘एफएएलएन’ या सशस्त्र गटाने जबाबदारी घेतली. या स्फोटासाठी आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. गेलेल्यांच्या नावांचा फलक आत आहे. ज्यांचे नातेवाईक तिथे गेले ती माणसं अजून हयात आहेत, म्हणून त्या फलकापाशी मी किस्से सांगत नाही.

१६. वेळ कमी असेल तर काय पाहावं?

आधी आत जाऊ नका. रस्ता ओलांडून समोर उभे राहा आणि नुसत्या विटा पाहा. काही भिंत लाल विटांची, काही पिवळसर विटांची. रंग बदलतो तिथे थांबून पाहिलं की प्र. ११ आपोआप समजतो.

मग वळून ८५, ब्रॉड स्ट्रीटच्या उंच इमारतीच्या पायथ्याशी जा. तिथे फरसबंदीत काच बसवली आहे, तिच्यावर लोक कॉफी हातात घेऊन उभे असतात, खाली न बघता. खाली दगडी पाया दिसतो. तो १६७० मध्ये बांधलेल्या लव्हलेस टॅव्हर्नचा. ही गगनचुंबी इमारत बांधण्याआधी १९७९-८० मध्ये उत्खनन झालं, तेव्हा सापडला. त्याच्या शेजारी डचांची शहर-टॅव्हर्न होती, १६४२ ची. १६५३ मध्ये तिचंच नगरभवन झालं. म्हणजे या शहराचा कारभार सुरू झाला तोच एका टॅव्हर्नमधून. काचेवर पाऊस पडला असेल तर रुमालाने पुसून घ्या, त्याशिवाय काही दिसत नाही.

मग परत येऊन वर संग्रहालयात जा. इमारतीला १९६५ मध्ये शहराने वारसास्थळाचा दर्जा दिला. पुढे शेजारच्या जुन्या इमारतीही जोडल्या गेल्या, त्यामुळे आत फिरताना मधेच जमिनीची उंची बदलते. लाँग रूम त्यातल्या मुख्य इमारतीत. तिथे पोचल्यावर, कोणी मार्गदर्शक नॉक्सच्या मिठीपाशी आला की त्याला बुधवारच्या चौकशीबद्दल विचारून पाहा.